ठेव आणि दान

वारकरी बंधुभगिनींनो, हा लेख आम्ही उपदेशाच्या आवेशाने लिहीत नाही. आमच्या हातून एक चूक झाली, तिच्यातून काही विचार सुचला, तो तुमच्यापुढे ठेवतो. कीर्तनकाराची चूक चारचौघांत होते. तेव्हा तिची कबुलीही चारचौघांतच व्हावी हे बरे.

मुंबईतल्या गोरेगावची आरे कॉलनी पुष्कळांच्या ऐकिवात आहे. शहरभर विखुरलेले म्हशींचे तबेले एका जागी आणावेत म्हणून १९४९ साली तिची उभारणी झाली आणि १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. आज तिथे तबेले आहेत, वारली आणि इतर आदिवासींचे पाडे आहेत, वाघोबाचे ठाणे आहे, आणि हल्ली मेट्रोचे स्थानकही आहे. दोन वर्षांमागे तिथल्या एका वस्तीत आम्ही सप्ताहाला गेलो होतो. मंडप लहान, श्रोते साठसत्तर, पण टाळकरी मोठे गोड. तिसऱ्या दिवशी हरिपाठानंतर एक माउली पाया पडायला आली. बाजूला बसून हळू आवाजात म्हणाली, "महाराज, हे कुणाला सांगितलं नाही." थोरल्या मुलीला एक आजार आहे, त्यापायी ती सासरहून परत आली, आणि धाकटीचे अजून व्हायचे आहे, असे तिचे दुःख. आम्ही दोन शब्द धीराचे सांगितले. ती डोळे पुसून गेली.

पाचव्या दिवशी कीर्तनात मायेच्या ममतेचा विषय निघाला आणि आमच्या जिभेवर तोच दृष्टांत आला. नाव आम्ही घेतले नाही. "इथेच, या आरेत, एक माय आहे," एवढे म्हणून सगळी हकीकत सांगितली. मंडप गहिवरला. आम्हालाही वाटले, कीर्तन रंगले.

त्या मंडपात एक तरुण टाळकरी फोन उभा करून कीर्तन थेट जगभर पाठवीत होता. पोरगा श्रद्धाळू. पुष्कळांना सापडावे म्हणून त्याने खाली वस्तीचे नाव, आमचे नाव आणि 'मुलीच्या आजाराने खचलेल्या आईची कथा' असे शब्द लिहिले. दोन महिन्यांनी धाकटीला स्थळ आले. त्या लोकांनी घरबसल्या फोनमध्ये वस्तीचे नाव घातले. आमचे कीर्तन वर आले. अशी कथा घडलेली घरे त्या वस्तीत किती असणार? स्थळ मोडले.

ती माउली आम्हाला भेटली तेव्हा रागावली नाही. एवढेच म्हणाली, "महाराज, तुम्ही नाव नाही घेतलंत, पण पत्ता दिलात."

आम्ही चित्रफीत काढून टाकायला लावली. पोराने लगेच काढली. पण तोवर ती कित्येकांनी उतरवून घेतली होती, तुकडे करून एकमेकांना पाठवली होती. सुटलेला शब्द परत येत नाही हे आम्ही चाळीस वर्षे लोकांना सांगत आलो. ते आम्हाला त्या दिवशी कळले.

आता यावर एक पूर्वपक्ष आहे, तो त्या पोरानेच मांडला. म्हणाला, "महाराज, कीर्तन तर सर्वांसाठी असतं. संतांनी कुठं कुलूप लावलं? उलट त्यांनी कुलपं तोडली. मग फोनवर ठेवलं, शोधात सापडलं, यंत्रानं वाचलं, तर बिघडलं काय?" आणि दुसरेही एक म्हणणे आपण रोज ऐकतो : ज्याचे मन स्वच्छ आहे त्याने लपवावे काय? विठ्ठलाला सगळे दिसतेच.

दोन्ही म्हणण्यांत थोडे खरे आहे, म्हणूनच ती फसवी आहेत. याचा उलगडा आम्हाला पाठशाळेत शिकलेल्या एका जुन्या प्रकरणात सापडला.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात उपनिधी नावाचे एक प्रकरण आहे. त्यावर विज्ञानेश्वरांची मिताक्षरा टीका आहे, आणि पुढे कित्येक शतके आपल्याकडचे न्यायनिवाडे तिच्या आधाराने झाले. उपनिधी म्हणजे काय? पेटीत बंद करून, आत काय आहे ते न सांगता, विश्वासाने दुसऱ्याच्या हाती दिलेली वस्तू. तिचा नियम असा की ती जशी दिली तशीच परत करावी. राजाने नेली, पुरात गेली किंवा चोराने लांबवली तर ठेवून घेणाऱ्यावर दोष नाही. पण धन्याने मागितली असता दिली नाही आणि मग गेली, तर भरपाईही आणि दंडही. आणि जो कोणी त्या ठेवीवर आपल्या मर्जीने पोट भरतो, त्याला दंड करावा व ती ठेव वाढीसह परत द्यायला लावावी.

दान ही निराळी गोष्ट. दान म्हणजे वस्तूवरची आपली मालकी सोडायची आणि दुसऱ्याची मालकी उत्पन्न करायची. ते समजून, मोकळ्या मनाने व्हावे लागते. नारदस्मृतीत तर 'अदत्त' म्हणून सोळा प्रकार सांगितले आहेत. म्हणजे दिल्यासारखे दिसते, पण दिले असे धरायचे नाही. भयाने दिलेले, दुःखाच्या भरात दिलेले, फसवून घेतलेले, लहान मुलाने दिलेले, ही सगळी त्यात येतात.

सिद्धांत असा निघतो. मंडपात सर्वांपुढे गायिलेले कीर्तन हे दान. त्या माउलीने कानात सांगितले ती ठेव. दोन्ही शब्दच होते, दोन्ही आमच्याच तोंडून बाहेर पडले. पण ठेवीला आम्ही दान समजून वाटून टाकले, आणि तिच्यावर कीर्तनाचा रंग भरला. ठेवीवर पोट भरणे ते याहून निराळे काय? आमच्या बिदागीत त्या रंगाचाही वाटा होताच.

विठ्ठलाला सगळे दिसते हे खरे. पण तो पाहतो आणि विटेवर उभा राहतो, कोणाला सांगत नाही. ज्याला दिसते त्याने गप्पही राहिले पाहिजे, हे त्या म्हणण्यात लोक विसरतात.

हाच गज हातात घेऊन आजच्या फोनच्या व्यवहाराकडे पाहू.

आम्ही लहान असताना मुंबईत पहाटे काळोखात दुधाच्या केंद्रावर रांगेला उभे राहत असू. हातात काचेच्या रिकाम्या बाटल्या, खिशात आरेच्या दुधाचे कार्ड. केंद्रावरच्या बाईंना आमच्या घरी दूध किती जाते ते ठाऊक असे. एखाद्या घरची बाटली वाढली तर बाळंतीण आहे की आजारी माणूस, हे त्या ताडतही असतील. पण ते ज्ञान त्यांच्या केंद्राच्या खिडकीतच राही. ते वाण्याला, डॉक्टरला, सोयरिक जुळवणाऱ्याला पोचत नसे.

आज फोनवर आपण काय विचारले, कुठे गेलो, कोणत्या चित्रावर किती वेळ थांबलो, कोणाचे नंबर जवळ बाळगतो, याची टिपणे होतात. आणि निरनिराळ्या खिडक्यांवरची टिपणे एकत्र जोडली जातात. पुष्कळांचा समज असा की या कंपन्या आपल्या नावाची यादी विकतात. मोठ्या कंपन्यांचा मुख्य धंदा तसा नाही. यादी त्या स्वतःजवळ ठेवतात आणि जाहिरातवाल्याला म्हणतात, "गुडघेदुखी असलेली, पंढरीला जाणारी, साठीची माणसे हवीत ना? त्यांच्या डोळ्यांपुढे तुझी पाटी आम्ही लावतो, पैसे टाक." म्हणजे ठेव परत करायची नाही, मोडायचीही नाही, तिच्यावर जन्मभर उपजीविका करायची. याज्ञवल्क्यांनी ज्याला दंड सांगितला तो हाच प्रकार.

"पण तुम्ही 'मान्य' म्हणून बोट दाबलेत ना?" असे कंपनी विचारते. होय, दाबले. पानेच्या पाने इंग्रजी मजकूर, आणि खाली एकच बटण. न दाबले तर पुढे जाता येत नाही. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने अशाच नव्या अटी आणल्या : मान्य करा, नाहीतर सोडा. ज्याची दिंडी, ज्याचे गाव, ज्याचे भजनी मंडळ सगळे त्याच एका जागी जमलेले, तो सोडून जाणार कुठे? भारतीय स्पर्धा आयोगाने १८ नोव्हेंबर २०२४ रोजी या कारणासाठी त्याच्या मालक कंपनीला, मेटाला, २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड सांगितला. प्रकरण पुढे अपिलात गेले. पण मुद्दा आपल्या ओळखीचा आहे : अडवून घेतलेले ते अदत्त.

राज्याचा कायदाही हळूहळू इकडेच वळला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खाजगीपण हा माणसाचा मूलभूत हक्क आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले; कंपन्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी अमलात यावयाची असे ठरले. संमती मोकळी, कशासाठी ते समजून दिलेली आणि बिनशर्त असली पाहिजे. देणे जितके सोपे तितकेच मागे घेणे सोपे असले पाहिजे. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी पालकांची संमती पाहिजे. असे त्यात आहे. आणि आपल्यासारख्यांच्या उपयोगाची गोष्ट म्हणजे, ही सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायला मागता येईल. मराठी त्यात आहे. तेव्हा "आम्हाला इंग्रजी येत नाही" म्हणून मुकाट्याने बोट दाबू नका, मराठीत मागा.

पण या कायद्याच्या दोन मर्यादा ओळखून ठेवा. माणसाने घरगुती कामासाठी केलेल्या वापराला तो लागत नाही. आणि स्वतः होऊन जगापुढे मांडलेल्या आपल्या माहितीलाही तो लागत नाही. घरच्या फोनवरून नातलगांना एखाद्याची व्यथा पाठवली, किंवा स्वतःचाच पत्ता, आजार आणि नातवाची शाळा उघड्यावर लिहून ठेवली, तर कायदा बाजूला उभा राहतो. तिथे धर्मच उभा राहिला पाहिजे.

आता उरले दान. कीर्तन, प्रवचन, गाथा, ग्रंथ, हे तर आपण उघड्या हातांनी दिले. शोधयंत्र, आणि आता ज्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात ते यंत्र, यांनी ते घ्यावे की नाही?

शोधयंत्राचा जुना करार असा : त्याने आमच्या घरात येऊन काय काय आहे ते पाहून जावे आणि वाटसरूला आमच्या दारापर्यंत आणून सोडावे. कोणाला तो नको असेल तर दाराशी एक पाटी लावावी, अशी रीत १९९४ पासून पडली आहे. ती पाटी पाळणे मात्र येणाऱ्याच्या भलेपणावर. नवे यंत्र वाटसरूला दारापर्यंत आणीत नाही. ते कोठारातले दाणे नेते, स्वतःच्या चुलीवर शिजवते आणि स्वतःच्या दारात वाढते. खाणाऱ्याला शेत कोणाचे हे कळत नाही. त्याचीही पाटी निघाली आहे. २०२३ साली ओपनएआय आणि गूगल या कंपन्यांनी आपापल्या दूतांची नावे जाहीर केली, म्हणजे ज्याला शिकवण्यासाठी आपला मजकूर द्यायचा नसेल त्याने तसे लिहावे. पण त्याआधी जे नेले ते नेलेच.

आमचे मत आम्ही स्पष्ट सांगतो. संतांच्या वाणीच्या बाबतीत दार लावू नये. तुकोबांची गाथा इंद्रायणीत गेली तरी लोकांच्या मुखात होती, असे आपण परंपरेने ऐकत आलो. जे सर्वांचे आहे ते यंत्रानेही वाचावे. आरेच्या टेकड्यांना लागूनच पवईला आय.आय.टी. आहे, तिथल्या पुढाकाराने ३० सप्टेंबर २०२४ रोजी 'भारतजेन' नावाचा सरकारी उपक्रम सुरू झाला, आपल्या देशी भाषा यंत्राला शिकवण्यासाठी. अशा यंत्रात संतांची मराठी नसेल तर मग कोणाची असेल? आंधळ्याला गाथा वाचून दाखवणारे, परदेशी वाढलेल्या नातवाला ओवीचा अर्थ सांगणारे यंत्र निघाले तर आम्ही त्याला नमस्कारच करू.

पण दान घेणाऱ्यालाही धर्म असतो. मध्यंतरी आम्ही एका यंत्राला एका विषयावर संतांचा अभंग विचारला. क्षणात चार चरण आले, शेवटी संतांची नाममुद्रा. चाल बसत होती, शब्द गोड होते. आम्ही घरातल्या तिन्ही गाथा चाळल्या. असा अभंग कुठेही नाही. यंत्राने रचला आणि संतांच्या नावावर खपवला. प्रक्षेपाचा रोग जुनाच आहे. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती एवढ्यासाठीच. पण तेव्हा प्रक्षेप करायला माणूस बसावा लागे. आता तो पापणी लवते तोवर होतो आणि हजार जणांच्या फोनवर जातो. म्हणून आमचा नेम असा : छापील गाथेत डोळ्यांनी पाहिल्याशिवाय फोनवर आलेला अभंग कीर्तनात घ्यायचा नाही. आणि यंत्रवाल्यांकडे मागणे असे : आमचे दान घ्या, पण कोणाचे घेतले ते सांगा, आणि आपले ते त्यांच्या नावावर देऊ नका.

आता त्या पोराने शेवटी विचारलेला प्रश्न. "महाराज, चुकून गेलेली ठेव या यंत्राच्या पोटातून परत निघते का?" आम्ही जाणत्यांना विचारले. त्यांनी सांगितले ते असे : शोधाच्या यादीतून एखादे पान काढता येते. पण शिकलेल्या यंत्रात ते पान पानासारखे ठेवलेले नसते. कोट्यवधी पाने घुसळून त्यातून अगणित आकडे बसवलेले असतात. त्यातले एका पानाचे आकडे वेगळे काढणे फार अवघड. आमच्या दर्शनशास्त्रात दुधाचा आणि दह्याचा दृष्टांत नेहमी येतो. दुधात पाणी घातले तर हंस ते निवडील असे कवी म्हणतात. पण विरजलेल्या दह्याचे दूध हंसालाही करता येत नाही.

आरेच्या लोकांना हे निराळ्या रीतीने ठाऊक आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी तिथे रात्रीतून वृक्षतोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली. तोवर दोन हजारांवर झाडे पडली होती. त्या वादात कोणाचे बरोबर हे सांगण्याची ही जागा नव्हे. पण थांबवण्याचा हुकूम आला म्हणून पडलेले झाड उभे राहिले नाही, एवढे सगळ्यांनी पाहिले. म्हणून विचारायचे ते आधी. नंतरची क्षमा खरी असली तरी ती त्या मुलीचे मोडलेले स्थळ जुळवीत नाही.

तेव्हा या वारीच्या वाटेवर आम्ही स्वतःसाठी जे नेम केले ते सांगतो. पटले तर तुम्हीही घ्या. कानात सांगितलेले दुःख दृष्टांतात आणायचे नाही. नाव, गाव बदलूनही नाही. कीर्तन पाठवायचे तर आधी मंडपात तसे सांगायचे, आणि पाया पडणाऱ्या, रडणाऱ्या माणसांकडे फोन वळवू द्यायचा नाही. दिंडीच्या यादीतले नंबर, आधारचे आकडे, आजार, हे गटात टाकायचे नाहीत. यादी विणेकऱ्याच्या वहीत राहील. दुसऱ्याची व्यथा यंत्रालाही विचारायची नाही. आपल्याला उत्तर मिळते, पण ठेव त्याची जाते. लेकरांचे फोटो त्यांच्या आईबापांना विचारल्याशिवाय पाठवायचे नाहीत. आणि कोणी "काढून टाका" म्हटले तर कारण न विचारता त्याच घडीला काढायचे.

कंपन्यांना दंड करणारे न्यायालय दिल्लीत आहे. आपल्या जिभेचे आणि बोटाचे न्यायालय इथेच आहे. तिथे तारीख पुढे ढकलता येत नाही.

ती माउली अजून त्या वस्तीतल्या काकड्याला येते. आम्ही गेलो की पाया पडते, ख्यालीखुशाली विचारते. आम्ही "कसं आहे, बाई?" म्हणतो. ती म्हणते, "बरं आहे, महाराज," आणि पुढे काही सांगत नाही. पुन्हा सांगावेसे वाटेल इतका विश्वास तिला वाटावा, यासाठी आम्ही काय करावे हे अजून आम्हाला सापडलेले नाही. तोवर तोंड आवरून धरणे, एवढीच आमची वारी.

राम कृष्ण हरी.